सोबतीस आलेला इसम

मानाजी चोपदाराचा मुलगा केरबा मंगळवारी भर दुपारी, दुधाची घंटा आणि औषधाची घंटा यांच्या मधल्या वेळात, देवासच्या मुलांच्या मोठ्या इस्पितळात वारला.

असं काही झालेलं नाही. मानाजीला मूलच नव्हतं, तेव्हा त्याचं मूल वारण्याचा प्रश्न येत नव्हता. आणि केरबाचं म्हणाल तर तो तिसऱ्या खाटेवर डाव्या कुशीला वळून पडला होता, हे मानाजी आत्ताच स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला होता. घडलं होतं ते एवढंच, की इस्पितळाचे कारकून कृष्णराव यांनी मान वर न करता त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली होती. ‘मुलगा केरबा बिन मानाजी चोपदार, वस्ती धार, वय वर्षे चार, वारसाच्या ताब्यात द्यावा.’ मानाजीला वाचायला वेळ लागे. अक्षराअक्षरावर बोट ठेवत तो ‘केरबा’पर्यंत आला, ‘बिन’वर आला, आणि पुढे त्याचं बोट स्वतःच्याच नावाला जाऊन अडलं. घरातल्याच उंबऱ्याची ठेच लागावी तसं. उंबरा रोजचा असतो, ओळखीचा असतो, तरी अंगठा ठणकायचा तो ठणकतोच. वीस वर्षं तो धारच्या दरबारात चांदीची काठी आपटून दुसऱ्यांची नावं पुकारत आला होता. सरदार, मानकरी, पाहुणे, एकदा तर नजराण्यात आलेला एक हत्तीसुद्धा त्याने नाव घेऊन आत सोडला होता. पण आपलं नाव असं दुसऱ्या कुणाच्या नावाच्या शेपटीला बांधलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“हे माझं नाही,” तो म्हणाला.

“काय तुमचं नाही?”

“हे बिन. पहिल्या दिवशी तुम्हीच लिहिलं होतं, बाप नाही म्हणून. तेच बरोबर होतं.”

कृष्णरावांनी टाक खाली ठेवला. “अहो चोपदार, काल हॉलमधे तुम्ही एवढ्यानं ओरडलात की इथे माझी दौत उपडी झाली. धोतर बघा माझं. आणि आज म्हणता बिन काढा?”

“काढा.”

“दाखल्यात चढलेलं खाली उतरत नाही.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “घेऊन जा त्याला. ऊन तापलंय. लहान जीव आहे, ताटकळत ठेवू नये.”

ताटकळत ठेवू नये, हे मानाजीला पटलं. लहान मुलांना ताटकळत ठेवू नये. म्हणून तो चिठ्ठी चार बोटांत धरून, लवाजम्यापुढे चालावं तशा सावकाश पावलांनी, व्हरांडा उतरून, अंगण ओलांडून फाटकाबाहेर आला, आणि समोरच्या चिंचेखाली मेजावर कागद मांडून बसलेल्या तात्या अर्जनवीसापुढे येऊन उभा राहिला.

“बसा,” तात्या म्हणाले. ते उतारवयाचे, घाऱ्या डोळ्यांचे, आणि इस्पितळासमोर बसत असल्यामुळे कशाचं नवल न वाटणारे होते. “अर्ज दोन प्रकारचे असतात. एक मंजूर व्हावा म्हणून, आणि एक मनात राहू नये म्हणून. दुसऱ्याला शाई जास्त लागते. तुमचा कोणता?”

“दाखला दुरुस्तीचा.”

“म्हणजे दुसरा.” तात्यांनी चिठ्ठीवरच्या नावावर नजर टाकली आणि चाकू काढून बोरू तासायला घेतला. “विषय सांगा. सुरवातीपासून सांगा, पण थोडक्यात.”

सुरवात कुठली धरायची हे मानाजीला कळेना. बोरूचे तुकडे मेजावर पडत होते, पांढरे, नखांसारखे. सुरवात म्हणजे बापू. पहिला मुलगा बापू आठ महिन्यांचा होऊन गेला. त्याला रांगताना एकदाच पाहिलं होतं, तेही तो मागे मागे रांगत होता, जणू आला तिथेच परत जायचं होतं. मग एक मुलगी, तिचं नाव ठेवायचं राहून गेलं. बारशाचा पाळणा उसना आणला होता, तो रिकामाच परत केला. तेव्हा मानाजीची आई, माई, चुलीपुढे बसून शांतपणे म्हणाली होती, “सटवाईला या घराचा रस्ता पाठ झालाय. आता जे होईल ते आपलं म्हणायचं नाही.” आणि तिसऱ्या वेळी त्याची बायको सीता बाळंत झाली तेव्हा सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मूल सुपात घातलं, सूप परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि गल्ली झाडणारी गेंदी तिथून सहज जावी असं तिला दोन महिने आधीच बजावून ठेवलं होतं. गेंदी सहज जायला जरा उशिरा आली. तोवर मूल उकिरड्यावर एकटंच होतं. एक कोंबडी सुपाच्या कडेवर चढून त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होती, आणि मानाजी मागल्या दाराच्या फटीतून कोंबडीकडे. हाकलता येत नव्हतं. आपलं नसलेल्या मुलाजवळच्या कोंबडीला आपण कोण हाकलणार? शेवटी गेंदी आली, झाडू खाली टाकून म्हणाली, “अरे, यो कणी को छोरो हे?” त्यावर घरातल्या सगळ्यांनी ‘आम्हाला काय ठाऊक’ म्हणायचं होतं. बाकीचे पुटपुटले. मानाजीला पुटपुटणं येत नव्हतं. त्याच्या गळ्याला एकच सवय. “आम्हाला काय ठाऊक!” असं त्याने पुकारलं, आणि पलीकडच्या आळीतले दोघे तिघे कोण आलं म्हणून बघायला धावले.

गेंदीने मूल उचललं, छातीशी धरलं, आणि ते तिचं झालं. मग तिने मूठभर कोंडा सीतेच्या ओटीत टाकून म्हटलं, “ले बेन, म्हारो छोरो पाळ.” सीतेने त्या कोंड्याची भाकरी करून खाल्ली. मुलाचं नाव केरबा ठेवलं, मुलगी वाटावी म्हणून उजवी नाकपुडी टोचली, आणि त्याला बोलायला शिकवताना सीतेला काकी आणि मानाजीला, बाहेरचे लोक म्हणत तसंच, चोपदार म्हणायला शिकवलं. चार वर्षं बेत बिनचूक चालला. सटवाई घरावरून येत असेल, आत डोकावत असेल, झाडूवालीचं पोर म्हणून नाक मुरडून पुढे जात असेल. मानाजीही त्याच हिशेबाने गेंदीला ओट्याच्या खाली उभी करी. दर सणाला ती तिच्या मुलाला बघायला येई. खालून बघे, वरून तिच्या पदरात पोळी पडे. केरबा ओट्याच्या कडेला पालथा पडून खाली हात सोडी, आणि गेंदी आपला हात उंच करी, आणि दोन्ही हात मधे काही अंतरावर थांबत, कारण मानाजी तिथे उभा असे.

“चोपदार,” तात्या म्हणाले, “बोरू तासून झाला.”

“मूल आजारी पडलं,” मानाजी म्हणाला.

“हं. मूल तुमचं कोण?”

इथेच तर सगळं होतं. केरबाच्या घशात पांढरा पडदा धरला, आवाज कुत्र्याच्या पिल्लासारखा झाला, तेव्हा धारच्या वैद्याने मान हलवून सांगितलं, देवासला न्या. तिथे मुलांचं वेगळं इस्पितळ आहे, तिथे डॉक्टर तयार करतात, आणि ते लहान मुलाला मोठ्या माणसाचा अर्धा तुकडा समजत नाहीत. टांगा त्याच दिवशी निघाला असता. पण घरात दोन दिवस वाद चालला, की न्यायचं कुणी. सीतेने नेऊ नये, कारण तिच्या तोंडावर सगळं दिसतं. कोणी नुसतं ‘बाळाची आई का?’ म्हणालं तरी ती रडेल आणि चार वर्षांचं केलेलं वाया जाईल. मानाजीच्या तोंडावर काही दिसत नाही, ती त्याच्या नोकरीची अटच आहे. सीता म्हणाली, “गेंदीला तरी न्या. तिथं आई विचारतील.” मानाजी टांगा ठरवायला बाहेर पडला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टांगा दाराशी लागला तेव्हा गेंदी आधीच येऊन उभी होती; झाडू नव्हता, लुगडं धुतलेलं होतं, हातात बोचकं. “छोरो तो म्हारो हे नी, सरदार? म्हूं बी चालूं.” टांगेवाल्याने मानाजीकडे पाहिलं. टांग्यात तिघांची जागा होती. पण इंदूरपर्यंत एक अख्खा दिवस, पुढे देवासपर्यंत अख्खी सकाळ, गुडघ्याला गुडघा लागणार. आणि वाटेत पाणी प्यायला उतरल्यावर ओळखीचं कुणी भेटलं तर?

“जागा नाही, गेंदी,” तो म्हणाला.

ती मागे सरली. वाद घालायची तिला सवय नव्हती. सडक वळेपर्यंत ती दिसत होती, आणि टांग्यातल्या तिसऱ्या जागेवर मानाजीची पगडी ठेवलेली होती.

“मूल माझं कोणी नाही,” मानाजी म्हणाला.

तात्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि कागदावर एक रेघ ओढली. “बरं. मग तुम्ही कोण?”

“सोबतीस आलेला इसम.”

हे शब्द त्याचे नव्हते, कृष्णरावांचे होते. आल्या दिवशी कृष्णरावांनी विचारलं, मुलगा का मुलगी? मुलगा. मग नाक का टोचलंय? टोचलंय. आईचं नाव? गेंदी. कुठे आहे? धारेला. का नाही आली? टांग्यात जागा नव्हती. बापाचं नाव? यावर मानाजीने दरबारी चेहरा केला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर घड्याळ होतं, ते बंद होतं. “बाप नाही,” तो म्हणाला. “मग तुम्ही?” “मी... बरोबर आलोय.” कृष्णरावांनी लिहिलं, बाप नाही, सोबतीस आलेला इसम एक. मानाजीला हायसं वाटलं. कागदावर आपण इतके बारीक झालो आहोत की सटवाईच काय, कृष्णरावसुद्धा उद्या आपल्याला ओळखणार नाहीत.

बाप नाही आणि आई हजर नाही, म्हणून केरबाला शिकवायच्या हॉलमधे टाकलं. आईबाप जवळ असलेली मुलं डाव्या अंगाच्या खोल्यांत होती. तिथे रडणं होतं, पदर होते, डबे होते. हॉलमधली मुलं एकेकटी. लांबच लांब हॉल, उंच खिडक्या, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, आणि प्रत्येक खाट मुलाच्या मापाची. मानाजीला त्या खाटांनी पहिल्यांदा धक्का दिला. पाळणा मुलाच्या मापाचा असतो, झबलं असतं, खुळखुळा असतो. पण आजाराची वस्तू मुलाच्या मापाची असते हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. म्हणजे कुठेतरी एक लोहार आहे, तो सकाळी उठून, तोंड धुऊन, माप घेऊन आजारी मुलांसाठी खाटा ठोकायला बसतो. त्याला कोण सांगतं किती लागतील ते? चमचे बारीक, भांडी बारीक, पिचकारीची सुई बारीक. बापू गेला तेव्हा त्याला वैद्याने काढ्याचा मोठा चमचा दिला होता, ओठांच्या कडांनी सगळा काढा गळ्यावर ओघळला होता. तो चमचा घरी अजून आमटीत असतो.

सकाळी मोठे डॉक्टरसाहेब येत, आणि मागून शिकाऊ डॉक्टर पंधरा. प्रत्येकाजवळ वही. ते तिसऱ्या खाटेभोवती अर्धं कडं करून उभे राहत, आणि मोठे डॉक्टर केरबाचा घसा, छाती, पोट एकेक दाखवत जात. “हात आधी चोळून गरम करा. गार हात लागला की पोर पोट आखडतं आणि तुम्हाला वाटतं रोग आहे. उमाशंकर, मोठ्या माणसाची नाडी आणि ह्याची नाडी, फरक सांग.” उमाशंकर नावाचा एक किडकिडीत पोरगेलासा विद्यार्थी फरक सांगे. मानाजी पायथ्याशी उभा असे, सरळ, काठी नसलेली मूठ मिटून. त्याला विचित्र अभिमान वाटे. पंधरा माणसं, शिवाय मोठे डॉक्टर, एवढा लवाजमा केरबासाठी जमतो, आणि केरबा झोपूनच मुजरे घेतो. एकेकाला नाव घेऊन आत सोडावं असं त्याच्या जिभेवर येई. केरबा त्या गर्दीतून त्याला शोधून काढी आणि त्या पिल्लाच्या आवाजात म्हणे, “चोपदार, पाणी.” उमाशंकर पाणी पाजायचा, पाठीमागे हात घालून, एकेक थेंब. त्यानेच सांगितलं की घोड्याच्या रक्तातून काढलेली लस टोचली आहे, उशीर झालाय पण टोचली आहे.

“घोडा कुणाच्या पागेतला?” मानाजीने विचारलं होतं.

“सरकारी, भिया.”

“मग हरकत नाही.”

आणि काल सोमवारी सकाळी श्वास अडू लागला. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत जात होता, खोल, कोणी आतून ओढल्यासारखा. पंधराही जण वह्या मिटून उभे होते. मोठे डॉक्टर म्हणाले, “गळ्याला चीर देऊन नळी घालावी लागेल. लगेच.” मग त्यांनी दाखल्याच्या कागदावर नजर टाकली. “ह्याला कोणी नाही ना? बरं. उमाशंकर, तू दे चीर. मी शेजारी आहे. कधीतरी पहिली द्यावीच लागते.” उमाशंकर पुढे आला. मानाजीने त्याचा चेहरा पाहिला नाही, हात पाहिले; नखं कुरतडलेली, मधल्या बोटाला शाई. तेच हात परवापासून पाणी पाजत होते, आणि तेव्हा ते चांगले वाटले होते. आता ते नुसते शाई लागलेले हात होते. मानाजीच्या डोक्यात सगळं अगदी स्वच्छ झालं, इतकं स्वच्छ त्याच्या डोक्यात आजवर काहीच झालं नव्हतं. गप्प बसलो तर सटवाईला कळणार नाही, पण सुरी ह्या पोराच्या हातात. बोललो तर सुरी मोठ्या हातात, पण सटवाई ऐकेल. गेंदी असती तर गेंदी म्हणाली असती, छोरो म्हारो हे. मोठ्या डॉक्टरांनी सुरी घेतली असती, आणि सटवाई नाक मुरडून पुढे गेली असती. पण गेंदीच्या जागेवर पगडी आली होती.

मग तो बोलला. हळू सांगायचं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या कानाशी जाऊन, साहेब, माझा आहे, एवढंच. पण वीस वर्षांत ह्या गळ्यातून नाव म्हणून जे बाहेर पडलं ते एकाच वाटेने पडलं होतं. पाय आपोआप जुळले, हनुवटी वर गेली, आणि तो लांबच लांब हॉल गाजवत तो पुकारला, “आस्ते कदम, निगाह रखो! दरबार धार येथील हुजूर चोपदार मानाजी बिन रघुजी यांचे चिरंजीव केरबा!”

रांगेतली निजलेली मुलं दचकून उठली. एका बाईच्या हातून भांडी पडली. शिकाऊ डॉक्टर न कळत सरळ उभे राहिले, आणि मोठ्या डॉक्टरांसकट सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, आता कोण आत येतं म्हणून.

कोणी आलं नाही. निदान त्यांना तसं वाटलं. मानाजीने मात्र दाराचा पडदा हलताना पाहिला होता, आणि वारा नव्हता.

पुढचं चांगलं झालं, हीच त्यातली वाईट गोष्ट. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः चीर दिली, नळी बसली, शिट्टीसारखा आवाज करत हवा आत गेली आणि केरबाचं तोंड जांभळ्याचं पुन्हा सावळं झालं. पंधरा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. नळीमुळे आवाज मात्र येईना. दुपारी जागा झाल्यावर केरबाने मानाजीकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मानाजी खाटेशी वाकून म्हणाला, “बाबा म्हण. म्हटलंस तरी चालतं आता.” केरबाने पुन्हा ओठ हलवले. ते मिटले, उघडले. चोपदार म्हणायलाही ओठ मिटतात. मानाजीने बारकाईने पाहिलं, पण त्याला ती विद्या येत नव्हती. आणि आज दुपारी, दुधाची घंटा होऊन गेल्यावर, नळी जागेवर, ताप उतरलेला, आणि केरबा डाव्या कुशीला वळला तो वळलाच.

“अहो,” तात्या म्हणाले, “कोणीतरी बोलावतंय तुम्हाला.”

फाटकातून उमाशंकर आला होता. तो चिंचेखाली आला आणि कुठे बसावं न कळून उभाच राहिला. “भिया, अंदर चलो. त्याला एकटं ठेवलंय. मी पुसून काढलंय सगळं, नळी काढलीय. आता फक्त कोणी तरी घ्यायला पाहिजे.”

“त्याच्या आईला कळवा. गेंदी, धार.”

“भिया...” उमाशंकरने डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून पुसला. “चीर बरोबर होती. श्वास चांगला लागला होता, तुम्ही पाहिलंत. पण ह्या रोगाचं विष आधीच हृदयात उतरलेलं असतं. घसा मोकळा होतो आणि हृदय एकाएकी थांबतं. कोणी काही करू शकत नाही.”

“तुला ठाऊक नाही. तिने ऐकलं.”

“कोणी?”

मानाजीने सांगितलं नाही. जिचं नाव घेतल्यावर ती येते, तिचं नाव घेण्याइतका तो खुळा नव्हता. त्याने वेगळंच विचारलं. “मी बोललो नसतो तर. तू कापलं असतंस तर.”

उमाशंकरला खोटं बोलता आलं असतं. तो वीस वर्षांचा होता आणि ते त्याला अजून सुचलं नव्हतं. “तुम्ही ओरडलात तेव्हा मला वाटलं, सुटलो,” तो म्हणाला. “आणि आज दुपारपासून वाटतंय, मीच द्यायला हवी होती. का ते माहीत नाही. फरक काही पडला नसता, भिया. वाचून दाखवू का पुस्तकातलं?”

“नको.”

“दोन दिवस आधी आणला असता तर...” एवढं बोलून तो थांबला, कारण मानाजीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी दिसलं, दरबारात दिसलं असतं तर नोकरी गेली असती असं. ते लगेच गेलं. उमाशंकर म्हणाला, “मी बसतो त्याच्याजवळ. तुम्ही या,” आणि परत गेला. फाटकातून जाताना त्याने दोन्ही हात एकमेकांवर चोळले, लहान मुलाला शिवण्याआधी चोळतात तसे.

तात्यांनी बोरूचे तुकडे मेजावरून झटकले. मग कागद समोर ओढला. “अर्ज करायचा कुणाकडे, तेही एक आहेच. देवासात राज्यं दोन. हे फाटक थोरल्या पातीत, हॉल धाकट्या पातीत. म्हणजे मूल आलं एका राज्यातून आणि...” त्यांनी वाक्य बदललं. “कुठल्या पातीकडे करू?”

“जिथे लिहिलेलं पुसता येतं तिकडे.”

“तसं राज्य अजून निघालं नाही, मानाजीराव.” त्या दिवशी प्रथमच कोणीतरी त्याला नावाने हाक मारली. “वरती इस्पितळाचंच नाव घालतो. घरी जा, असं मी सांगणार नाही. पण त्याला उचला आधी. अर्ज पळून जात नाही.”

“उचलला की माझा झाला,” मानाजी म्हणाला.

त्याला ते इतकं सरळ दिसत होतं की ह्या लोकांना का दिसत नाही याचं नवल वाटत होतं. काल जे बोललं गेलं ते नसतं बोललं, तर बाप नाही. बाप नाही तर ती ज्याला न्यायला आली तो हा नव्हे. चूक झाली आहे, ती दाखल्यात झाली आहे, आणि दाखला तिथे आत कृष्णरावांच्या मेजावर उघडा पडला आहे, शाई कदाचित पुरती वाळलीही नसेल. मोठमोठ्या दरबारांत नावं चुकतात. चुकीचा पाहुणा आत सोडला जातो. मग चोपदार पुढे होतो, काठी आपटतो, मागचं पुकारणं मागे घेतो, आणि पाहुणा निमूट परत जातो. हे त्याने स्वतः केलेलं होतं. एकदाच, पण केलेलं होतं.

“लिहा,” तो म्हणाला, आणि उभा राहिला, कारण बसून त्याला सांगता येत नव्हतं. आवाज मात्र त्याने खाली ठेवला, इतका खाली, की तात्यांना कान पुढे करावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुटपुटता आलं.

तात्यांनी लिहिलं. त्यांनी एकही शब्द बदलला नाही, फक्त जिथे रीत होती तिथे रीत घातली. मग वाळू टाकून, झटकून, वाचून दाखवलं.

‘मेहेरबान मुख्य डॉक्टरसाहेब, मुलांचे इस्पितळ, मुक्काम देवास, यांचे सेवेशी.

अर्जदार मानाजी, चोपदार, वस्ती धार, विनंतीपूर्वक अर्ज करतो की, आपले इस्पितळात तिसऱ्या खाटेवर असलेला मुलगा केरबा याचे संबंधात अर्जदाराने काल सोमवारी सकाळी हॉलमध्ये जो तोंडी जबाब मोठ्याने दिला, तो देण्याचा अर्जदारास कोणताही अधिकार नव्हता. सदर मुलगा गेंदी, वस्ती धार, हिचा असून तिने तो रीतसर घेतलेला आहे. तिला सोबत आणण्यास जागा होती. जागा नाही असे अर्जदाराने सांगितले ते खोटे होते, तेही या अर्जाने परत घेत आहे.

सबब विनंती की, अर्जदाराचा जबाब दिलाच गेला नाही असे समजून तो दाखल्यातून कमी करावा. मुलाचे नावापुढे बाप नाही असे पूर्वीप्रमाणे लिहावे. त्यानंतर मंगळवारी दुपारी जो प्रकार नोंदला गेला तो अर्जदाराचे मुलाबाबत असल्याने, व अर्जदारास मूल नसल्याने, तो प्रकार रद्द करावा. नळी घालण्याचे काम शिकाऊ डॉक्टर उमाशंकर यांचे हातून नव्याने करवावे. आणि मुलास सोमवार सकाळपासून पुढे पूर्ववत चालू ठेवण्याचा हुकूम व्हावा. हुकूम मिळेपर्यंत अर्जदार, सोबतीस आलेला इसम या नात्याने, फाटकाबाहेर हजर आहे. कळावे.’